पेव, वखार आणि किल्ली

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



शताब्दीची व्याख्यानमाला म्हटली की साहित्य, संगीत, इतिहास असे भारदस्त विषय डोळ्यांसमोर येतात. मी ‘साठवणीच्या इमारती’ हा विषय सुचविला तेव्हा आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल की, कोठारांवर तासभर बोलण्यासारखे असते तरी काय? माझे उत्तर असे की, ज्या संस्थेच्या व्यासपीठावरून मी बोलत आहे ती संस्थाही मुळात एक कोठारच आहे. ग्रंथ जेथे ठेवतो त्या खोलीला आपण ग्रंथभांडार म्हणतो, शब्दांच्या संग्रहाला कोश म्हणतो. भांडार आणि कोश हे दोन्ही शब्द धान्य नि धन राखणाऱ्यांच्या व्यवहारातून विद्येच्या व्यवहारात आले. तेव्हा धान्याच्या आणि मालाच्या कोठारांचा विचार करता करता आपण शेवटी आपल्याच दाराशी येऊन पोहोचणार आहोत.

दुसरे कारण आपल्या भूमीचे आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर हा आपला टापू. एका अंगाला सह्याद्रीचा भाताचा पट्टा, दुसऱ्या अंगाला ज्वारी-तंबाखूची काळी जमीन. येथे माणसांनी पिढ्यान् पिढ्या पिकविले, तसेच साठविलेही. निपाणी या गावाचे नाव तर साऱ्या देशात पोहोचले ते तंबाखूच्या वखारींमुळे. ज्या इमारतींनी एका गावाला नाव दिले त्यांच्याकडे आपण कधी इमारती म्हणून पाहिले आहे काय? मंदिरांवर ग्रंथ झाले, वाड्यांवर झाले, किल्ल्यांवर तर रग्गड झाले. वखारीच्या वाट्याला मात्र रस्त्यावरून जाताना नाकाला लावलेला रुमाल तेवढा आला.

आरंभ आपल्या भाषेपासूनच करू. एखाद्या गोष्टीचा अकस्मात सुकाळ झाला की आपण म्हणतो, तिचे पेव फुटले. हा वाक्प्रचार वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळतो. पण पेव म्हणजे काय, असे आजच्या विद्यार्थ्याला विचारले तर तो बहुधा गप्प राहील. पेव म्हणजे धान्य साठविण्याचे जमिनीखालचे भुयार. ते उघडले की वर्ष-दोन वर्षे दडलेले धान्य एकदम बाहेर येई, म्हणून तो सुकाळाचा वाक्प्रचार झाला. वस्तू गेली, वाक्प्रचार मागे राहिला. आपल्या कानडी शेजाऱ्यांकडे याच भुयाराला ‘हगेव’ म्हणतात. आपली कणगी आणि त्यांचा ‘कणज’ यांचे तर ध्वनीही जवळचे आहेत. भाषा निराळ्या असल्या तरी भुकेची आणि बेगमीची रीत एकच होती.

घरात साठवणीच्या किती जागा असत ते पाहा. बांबूच्या कामट्यांची, शेणमातीने सारवलेली कणगी, वाड्याच्या जाड भिंतीतच बांधून काढलेले बळद, स्वयंपाकघरातली मडक्यांची उतरंड, माळा, आणि या सर्वांवर कोठीघर. कोठीच्या किल्ल्या जिच्या कमरेला, तिच्या हाती घराचा कारभार. सासूने सुनेच्या हाती किल्ल्या दिल्या की घरातले राज्य बदलले असे लोक समजत. साठवण आणि सत्ता यांचा संबंध आपल्या आज्या-पणज्यांना कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाच्या आधी कळला होता. माझ्या आजच्या सांगण्याचे सूत्रही हेच आहे: कोठाराच्या भिंती पाहाव्यात, रचना पाहावी, आणि मग विचारावे की किल्ली कोणाकडे आहे?

हा प्रश्न फार जुना आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे एक शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. तेथे बहुतेक घरे लहान; एक घर मात्र पाच खोल्यांचे, आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. गावाच्या प्रमुखाचे हे घर असावे, असा निष्कर्ष उत्खननकर्त्यांनी काढला. प्रमुखाचे नाव ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही. पण तो प्रमुख होता हे आपण ओळखतो ते कोठाराच्या शेजारामुळे. महाराष्ट्राच्या भूमीवर सत्तेची जी पहिली इमारत आपल्याला दिसते, ती अशी कोठाराला टेकलेली आहे.

आता रचनेकडे वळू. राहते घर माणसासाठी बांधतात; त्याला खिडक्या हव्यात, उजेड हवा, दाराशी ओटा हवा. कोठार बांधतात ते मालासाठी, आणि मालाच्या शत्रूंना डोळ्यांपुढे ठेवून. ओल, ऊन, कीड, उंदीर, आग आणि चोर हे ते शत्रू होत. प्रत्येक मालाचा शत्रू निराळा, म्हणून प्रत्येक कोठाराचे रूप निराळे.

पेवाची युक्ती हवा तोडण्याची. कठीण मुरमाची, पाणी न धरणारी उंचवट्याची जागा निवडून खाली खड्डा घ्यायचा. तोंड अरुंद, पोट रुंद. आतून काड, कडबा किंवा पाला यांचे अस्तर द्यायचे, धान्य भरायचे आणि तोंडावर दगड बसवून मातीने लिंपून टाकायचे. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू धान्य आणि कीड दोघे मिळून संपवितात आणि मग कीड गुदमरून मरते. औषध नाही, फवारणी नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, काही काळ तोंड मोकळे ठेवायचे, असा दंडक असे. तो मोडणाऱ्यांनी प्राण गमावल्याच्या हकिकती जुन्या माणसांकडून ऐकायला मिळतात. पेवाचा आणखी एक गुण असा की वरून ते दिसत नाही. लुटारूंची टोळी असो की सरकारी वसुली, दोन्ही संकटांत पेव जमिनीखाली निमूट पडून राही.

पेव हा केवळ स्मरणाचा विषय आहे असेही नाही. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे हळद साठविण्याची पेवे प्रसिद्ध आहेत. तेथील घट्ट मातीत हळद वर्षानुवर्षे किडीवाचून टिके आणि त्या साठवणीच्या बळावर सांगलीची हळदीची पेठ देशभर गाजली. २००५ सालच्या महापुरात पाणी या पेवांत शिरले आणि फार मोठे नुकसान झाले. ओल हा पेवाचा एकच शत्रू. पण तो आला की सारेच जाते. त्यानंतर व्यापाऱ्यांचा ओढा शीतगृहांकडे आणि सिमेंटच्या गुदामांकडे वाढला.

पेवाच्या अगदी उलट टोकाला राजाचे कोठार. येथून जवळच असलेल्या पन्हाळगडावरील अंबरखाना आपण पाहिला असेल. सहलीला जाणारे लोक सज्जाकोठीपाशी छायाचित्र काढतात आणि अंबरखान्यात थंडावा अनुभवून परततात; पण ती इमारत शांतपणे वाचण्याजोगी आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारे, धाटणी विजापुरी. सर्वांत मोठी गंगा कोठी सुमारे दहा हजार चौरस फूट जागा व्यापते आणि पस्तीस फूट उंच आहे. तिची क्षमता पंचवीस हजार खंडी सांगतात. आत सोळा खण. प्रत्येक खणावर दगडी छत आणि छताला भोक. दोन्ही अंगांनी जिने थेट माथ्यावर जातात. धान्याची पोती जिन्याने वर न्यायची आणि भोकातून खाली ओतायची. म्हणजे भरण्याची वाट वरून, काढण्याची खालून. काढण्याची दारे थोडी ठेवली की पहारा सोपा होतो. या कोठारांना नद्यांची नावे देणाऱ्याला साठवणीचे मर्म कळले होते, असे मला वाटते. धान्य साचून राहता उपयोगी नाही. ते वाहते राहिले पाहिजे.

१६६० साली मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरचा वेढा या गडाला पडला होता. वेढ्याच्या काळात गडाचा खरा तट म्हणजे त्याचे कोठार; दगडी तट शत्रूला अडवितो, कोठार उपासमारीला. याच वेढ्यात राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी सिद्दीला तोफगोळ्यांची मदत केली आणि त्याचा जाब म्हणून पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर चाल करून ती वखार लुटली व इंग्रजांना कैद केले. म्हणजे त्या एका प्रसंगात दोन जातींची कोठारे समोरासमोर उभी ठाकली: एक गड राखण्यासाठी भरलेले, दुसरे नफ्यासाठी भरलेले. वखार हा शब्द आपल्या इतिहासात परकीय व्यापाऱ्यांच्या ठाण्यांसाठी रूढ झाला हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वखार म्हणजे माल ठेवण्याची जागा खरी. पण भाव पाहून थांबण्याची जागा हा तिचा दुसरा आणि अधिक खरा अर्थ.

कोठाराचा रयतेशी काय संबंध असतो हे महाराजांच्याच एका पत्रातून स्पष्ट होते. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी बजावले की, दाणा आणि वैरण पावसाळा संपेपर्यंत पुरवायची आहे, तेव्हा हिशेबाने खर्च करा. वैरणीच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नका. दिव्याची पेटती वात उंदीर पळवील आणि गंजी जळून जातील, इथपर्यंत त्यांनी लिहिले. आणि कारण काय दिले? साठा संपला तर शिपाई कुणब्यांच्या घरी जाऊन दाणे, भाकर, गवत उचलतील आणि लोकांना आपल्यापेक्षा मोगल बरे वाटतील. राजाच्या कोठारातले निष्काळजीपण शेवटी गरिबाच्या चुलीवर जाऊन आदळते, असा त्या पत्राचा भावार्थ आहे. कोठारशास्त्रावर याहून मोठे वाक्य मला सापडलेले नाही.

उलट उदाहरण पाटण्याचे. १७७० च्या भीषण दुष्काळात बंगाल-बिहारमध्ये माणसे अक्षरशः रस्तोरस्ती मेली. त्यानंतर कंपनी सरकारने कॅप्टन जॉन गार्स्टिन याच्याकडून पाटण्यात गोलघर बांधून घेतले; ते १७८६ साली पुरे झाले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा प्रचंड घुमट, बाहेरून नागमोडी जिने, माथ्यावर धान्य ओतण्याचे भोक. योजना पन्हाळ्याचीच, पण हे कोठार कधीही पूर्ण भरले गेले नाही. दुष्काळ कायमचा टळावा म्हणून बांधलेली इमारत आज प्रवाशांना जिन्यावरून गंगा दाखविण्याच्या उपयोगी पडते. भिंती बांधल्या म्हणजे कोठार होत नाही. भरणाऱ्याचा आणि उघडणाऱ्याचा संकल्प त्यामागे लागतो.

आपल्या भागात पेवे रिकामी होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रेल्वे आली, सारा रोख भरावा लागू लागला, आणि धान्य गावातल्या भुयाराऐवजी भावाच्या दिशेने धावू लागले. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत कित्येक ठिकाणी बाजारात धान्य होते. घेण्याला गाठीशी पैसा नव्हता. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली ती याच काळात. गावाची बेगमी व्यापाऱ्याच्या वखारीत गेली. गाव जेवायचे तेव्हा आता वखारीकडे पाहू लागले.

आणि आता निपाणी. या गावाला आजही रेल्वे नाही. जे वैभव आले ते पुणे-बंगळूर रस्त्यावरून आले. भोवतालच्या काळ्या जमिनीत विडीची तंबाखू उत्तम पिकते. पावसाळ्यात रोप लावायचे, शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, आणि हिवाळ्याच्या अखेरीस पान उन्हात वाळवायचे. पीक वर्षातून एकदा. विडी मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ओढली जाते. या दोन वेळांमधले अंतर ज्या इमारतीने भरून काढले ती वखार. शिवाय तंबाखू ठेवल्याने मुरते, तिची चव सुधारते. त्यामुळे ज्याच्याजवळ वखार त्याच्या मालाला काळच किंमत चढवीत जातो.

निपाणीच्या जुन्या वखारी पाहा. दगडी जोते, जाड भिंती, कौलांचे वा पत्र्याचे छप्पर, वर आढ्याजवळ लहान झरोके, बैलगाडी सहज आत जाईल असा दरवाजा आणि मधे पान पसरण्याजोगे अंगण. पेवाला हवा चालत नाही. तंबाखूला हवा हवी, पण बेताची. ओल लागली की बुरशी, फार सुकली की पानाचा चुरा. उजेड फार नको, वारा फार नको. म्हणून वखारीच्या भिंती आंधळ्या दिसतात आणि रस्त्याकडे पाठ करून बसल्यासारख्या वाटतात. आत तंबाखूचे बोद थराथराने रचलेले. वास्तुशास्त्राचा एखादा विद्यार्थी टेप घेऊन या वखारी मोजू लागला तर ओल, ऊन आणि वारा यांच्याशी येथील गवंड्यांनी केलेला करार त्याला इंचाइंचावर वाचता येईल.

१९४३ साली केंद्र सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसविला. मग वखारीला परवाना आला, बोदाबोदाची नोंद आली, माल हलविण्यासाठी कागद आले. मालाइतकेच महत्त्व वहीला प्राप्त झाले. कच्च्या तंबाखूवरील हा कर १९७९ साली उठला; पण वखार, परवाना आणि ओळखीपाळखी यांच्या बळावर जे बसले होते त्यांचे आसन स्थिर राहिले.

शेतकऱ्याकडे वखार नव्हती, हे या साऱ्या कथेचे मर्म आहे. वाळलेली तंबाखू घरात ठेवावी तर जागा नाही, शेतात ठेवावी तर एका वळवाने वर्षाची कमाई मातीत. शिवाय सावकाराचे व्याज रोज वाढते. तो थांबू शकत नाही आणि व्यापारी थांबू शकतो. भाव तेथेच ठरतो, तराजू नंतर येतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण बाजारात अशी खरी होते. माल आधी न्यायचा, भाव मागाहून सांगायचा, वजनात कडता कापायचा, पैसे महिनोन् महिने अडकवायचे, अशा तक्रारी वर्षानुवर्षे साचत गेल्या. तक्रारींनाही पेव असते. तेही एक दिवस फुटते.

ते फुटले १९८१ च्या मार्चमध्ये. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी आणि निपाणीचे प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो तंबाखू उत्पादक महामार्गावर येऊन बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ तो रस्ता हेच त्यांचे घर झाले. बायका-मुले, बैलगाड्या, चुली यांसह तेथे एक नगरच वसले. ६ एप्रिल रोजी ते उठविण्यात आले, गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांनी प्राण गमावले. त्या हुतात्म्यांची आठवण या भागात आजही ताजी आहे. आपण हा प्रसंग शेतकरी चळवळीच्या इतिहासात वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याची एक बाजू वास्तूची आहे. ज्यांच्या मालाला छप्पर नव्हते ते लोक, ज्यांच्याकडे छप्पर होते त्यांच्या दाराशी, उघड्या आभाळाखाली येऊन बसले होते.

वखारीच्या आतही एक जग होते. तेथे तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, काडी निवडणाऱ्या स्त्रिया हजारोंच्या संख्येने राबत. आढ्याजवळचे झरोके तंबाखूसाठी बेतलेले होते. त्याच झरोक्यांखाली माणसे दिवसभर धूळ श्वासात घेत होती. मालाची काळजी घेणाऱ्या भिंतींनी माणसाची काळजी घेतली नाही, हे आपण या इमारतींचे कौतुक करताना विसरता कामा नये. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी या स्त्रिया संघटित झाल्या, मजुरीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी लढल्या. ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्याबरोबर काम करून त्यांच्या संघर्षावर माहितीपट केला. आणि निपाणीचे कथाकार महादेव मोरे, जे २०२४ साली आपल्यातून गेले, त्यांनी पिठाची गिरणी चालवीत चालवीत याच कष्टकरी जगाला मराठी कथा-कादंबरीत आणले. वखारीच्या वहीत जे लिहिले गेले नाही ते एका गिरणीवाल्याने लिहून ठेवले.

थांबण्याची ही ताकद शेतकऱ्याच्या हाती द्यावी हा विचार सरकारदरबारी झालाच नाही असे नाही. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण पतपाहणी समितीने, जिचे एक सदस्य धनंजयराव गाडगीळ होते, १९५४ साली सांगितले की, कर्ज, विक्री आणि साठवण ही तीन कामे एकत्र बांधली पाहिजेत. त्यानुसार १९५६ साली कायदा झाला. १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ आणि मग राज्याराज्यांची वखार महामंडळे स्थापन झाली. भाव पडलेला असताना शेतकऱ्याने माल सार्वजनिक वखारीत ठेवावा, पावती घ्यावी, पावतीवर कर्ज काढून गरज भागवावी आणि भाव चढल्यावर विकावे, ही ती कल्पना. २००७ च्या कायद्याने या पावतीला हस्तांतरणाचे बळही दिले. सरकारी गुदामाची इमारत आपण पाहतो: मालमोटारीच्या तळाला टेकेल असे उंच जोते, वर जाळीचे झरोके, पोत्यांखाली लाकडी फळ्या. दिसायला ती रुक्ष आहे. पण तिच्यातली खरी नवी रचना म्हणजे ती पावती. किल्ली महामंडळाकडे, मालकी शेतकऱ्याकडे आणि वेळ दोघांच्या मधे, अशी ही योजना आहे. ती लहान शेतकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचावी यासाठी मात्र अजून पुष्कळ चालावे लागणार आहे.

आपल्या सीमाभागात यात आणखी एक पेच पडला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्याविषयी आपल्या भावना काय आहेत हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. तो वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. मी फक्त वखारीच्या बाजूने पाहतो. कागलकडचा, गडहिंग्लजकडचा शेतकरी महाराष्ट्रात आणि त्याची पेठ निपाणी कर्नाटकात, असे झाले. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरच्या महाविद्यालयात शिकायला जायचे तर महाराष्ट्रात जावे लागते, आणि तंबाखू विकायला कर्नाटकात यावे लागते. बाजार समितीचा कायदा एकीकडे एक, दुसरीकडे दुसरा. माणसांनी आखलेली रेषा मालाला कळली नाही. बैलगाडी आणि मागाहून ट्रक आपल्या जुन्या वाटेनेच वखारीशी येत राहिले.

आज काळ पालटला आहे. तंबाखूचे दुष्परिणाम आता कोणापासून लपलेले नाहीत. विडीचा व्यवसाय उतरणीला लागला आहे. तंबाखूच्या रानात ऊस आणि सोयाबीन उभे आहे. तंबाखू हटली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण ज्या इमारतींनी या टापूचे शतकभराचे सुखदुःख आपल्या पोटात ठेवले, त्या काही न लिहिता, काही न मोजता नाहीशा होऊ देणे हा निष्काळजीपणा होईल. देऊळ पाडताना चार माणसे आडवी येतात. वखार पाडताना कोणी येत नाही. सगळ्या वखारी राखा असे मी म्हणत नाही. ते शक्यही नाही. मोजा, आराखडे काढा, छायाचित्रे घ्या, शब्द टिपून ठेवा, एवढेच माझे मागणे आहे.

आणि येथे मी आपल्या दाराशी परत आलो. साठवणीची इमारत म्हणजे थांबण्याची ताकद, असे मी म्हटले. ग्रंथालयालाही हेच लागू आहे. ज्याचे लिहिलेले साठविले गेले तो न्यायासाठी शंभर वर्षे थांबू शकतो. ज्याचे साठविले गेले नाही त्याची बाजू त्याच्याबरोबरच संपते. आपल्या सभासदांत आणि आश्रयदात्यांत व्यापारी घराणी आहेत. त्यांच्या माळ्यावर वखारीच्या जुन्या वह्या, परवाने, पावत्या वाळवीची वाट पाहत पडलेल्या असतील. त्या कृपा करून वाचनालयाला द्याव्यात. त्यांत भावही असतील आणि कडतेही असतील, दोन्हींसह द्याव्यात. त्यात कोणाची नामुष्की नाही, इतिहासाची सोय आहे.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आपण पुन्हा जुनीच चूक करू. वह्या वखारवाल्यांकडे आहेत. तंबाखू चाळणाऱ्या स्त्रीकडे वही नव्हती, आणि महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्याकडेही नव्हती. त्यांची वही म्हणजे त्यांची आठवण. त्या पिढीतील माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. शताब्दीच्या निधीतून एक साधे ध्वनिमुद्रण यंत्र घ्यावे, दोन होतकरू विद्यार्थी नेमावेत आणि या लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्याच बोलीत, मराठीत आणि कानडीत, जे सांगतील ते टिपून घ्यावे. ग्रंथभांडारातील एक कपाट या नोंदींसाठी राखून ठेवावे.

त्या कपाटालाही किल्ली असेल. ती कोणाकडे ठेवायची, हे आपण कार्यकारिणीत ठरवालच. माझी विनंती एवढीच की, ती मागणाऱ्याला मिळावी. पन्हाळ्याच्या कोठारांना ज्यांनी नद्यांची नावे दिली त्यांना हे समजले होते. शंभर वर्षे आपण साठविलेत, आता ते वाहू द्यावे, अशी प्रार्थना करतो.